वसंतामामा, रॉकेल आणि आमची फटफटी

आमच्या घरात गाडी बिघडली की आधी गुन्हेगार शोधतात, मग पाना. ही पद्धत मी पाडली आणि मला तिचा अजूनही पश्चात्ताप नाही. (फार नाही.)

गाडी म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, जुनी टू-स्ट्रोक फटफटी. आबा बारामतीहून रोज मोरगावच्या शाळेत शिकवायला जात. त्यांना ती पुरत होती, मला नव्हती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि महिन्याला एका अन्यायाविरुद्ध पत्रक काढत होते. गावोगाव सभा घ्यायच्या तर मी, मैत्रीण, लाउडस्पीकरचा कर्णा आणि त्याची बॅटरी एवढं सगळं गाडीनं चढाला ओढायला हवं. (मुलीनं फटफटी चालवावी का, असं ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी वेगळं पत्रक निघालं होतं.) म्हणून ऐन दिवाळीच्या सुटीत आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या रज्जाकचाचांनी ताकद वाढावी म्हणून इंजिनाचं हेड घासून दिलं आणि वर एका मोठ्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवला.

"आता ट्रॅक्टर वढंल ही," चाचा म्हणाले.

ओढलाही असता. पण आठवड्याभरात इंजिन वाजायला लागलं. सपाटीला काही नाही; चढ लागला, मूठ पिळली, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी खडखड. लोणी भापकरला तर माझ्याआधी माझा आवाज पोचला आणि कल्हईवाला आला समजून तीन बायका पितळेची पातेली घेऊन बाहेर आल्या. मी त्या तिघींचीच सभा घेतली.

चाचांनी प्लग काढून बघितला. "पांढराफटक पडलाय. पेट्रोल कमी आन् हवा जास्त हुतीया. इंजिन तापतंय आन् आतलं पेट्रोल येळंआधीच पेट घेतंय."

मग उपचार सुरू झाले. पेट्रोल जास्त यावं म्हणून जेट मोठा घातला. नीडल वर घेतली. ठिणगी उशिरा पडावी म्हणून टायमिंग मागं सारलं. दर उपचारानंतर मी चढाला जाऊन यायचे आणि खडखड जशीच्या तशी परत आणायचे. शेवटी मी स्वतःच्या अकलेनं पेट्रोलमध्ये दुप्पट ऑइल ओतलं. खडखड राहिलीच, वर धूर. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे उचलले.

"चाचा, पेट्रोलमध्येच भेसळ आहे," मी जाहीर केलं. "रॉकेल असलं की इंजिन असंच वाजतं. तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणलो व्हतो. पर आदी बाकीचं तपासू की."

तपासायला वेळ कुणाला होता? जनता लुटली जात होती.

आता अडचण एवढीच, की आम्ही पेट्रोल भरायचो इंदापूर रस्त्यावरच्या पंपावर आणि तिथं नळी हातात धरून उभा असायचा माझा सख्खा मामा. वसंतामामा, आईचा एकुलता एक भाऊ. दुसरं कुणी असतं तर इथं थबकलं असतं. मी नाही. तत्त्वाला नातं नसतं. (हेही एका पत्रकातलंच वाक्य.) त्याच दुपारी स्टेन्सिल कापली आणि सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढली: 'पेट्रोलमध्ये रॉकेल, जनतेचे हाल!'

दुसऱ्या दिवशी पंपावर लोक जमवून मी जाहीर तपासणी केली. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. शुद्ध असेल तर उडून जातो, रॉकेल असेल तर तेलकट डाग राहतो. हाताशी कागद होता तो माझ्या पत्रकाचा. थेंब टाकला, फुंकर मारली आणि पोळीएवढा काळा तेलकट डाग उमटला. मी तो उंच धरला.

मामा शांतपणे म्हणाला, "सुमे, तुझ्या पत्रकाची शाई फुटलीय ती."

"मामा, मालकाची बाजू घेऊ नका."

मालकानं मात्र मामाची बाजू घेतली नाही. 'पेट्रोल तर आमच्याकडं चांगलंच येतं, मग रॉकेल कुणी घातलं?' असं म्हणून त्यानं मामाला घरी बसवलं. मामा आमच्याकडं येऊन भिंतीला टेकला. आईनं त्याचं ताट वाढलं, आबांचं वाढलं, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"हिला वाढायचं न्हाय. ही उपोषणाला बसलीया."

"मी कुठं बसलेय?"

"मी बसवलंय."

जेवण झाल्यावर मामा उठला. "रॉकेल हाय म्हणतीस न्हवं? चल इंदापूरला. तितल्या पंपाचं भरू, मग बगू वाजतंय का."

इंदापुरात टाकी पार रिकामी केली, नवं पेट्रोल भरलं. परतीच्या पहिल्याच चढाला खडखड. मामा मागून कानाशी म्हणाला, "आता?"

"इंदापूरवालेही भेसळ करतात."

"मंग अरबस्तानातनंच भरून आणू. गाडी तुझ्याच हातात हाय, चल."

मी तशीच बारामती गाठली. मामानं फटफटी थेट चाचांच्या दारात उभी करायला लावली. चाचांनी चालू इंजिनावर, कार्ब्युरेटर जिथं इंजिनाला जोडतात त्या सांध्याभोवती, ऑइलचे चार थेंब सोडले. उभ्या जागी उगाच जोरात पळणारं इंजिन एकदम शांत, शहाण्यासारखं चालायला लागलं.

"हितनं हवा खातंय, ऑइलनं फट बुजली," चाचा म्हणाले आणि त्यांनी सांधा खोलला.

आत हवा अडवणारं जाड गॅस्केट असायला हवं. होती ती भिजून फाटलेली कागदाची चिंधी, आणि तिच्यावर माझ्या अक्षरात दोन शब्द शिल्लक: 'उधळपट्टी बंद'.

"चाचा, हे माझं पत्रक आहे."

"व्हय. गॅस्केट मी लग्नाच्या पत्रिकंचं कापतो, जाड असती. पर पत्रिका समद्या तूच नेल्यास की. आन् तुळशीचं लगीन लागल्याबिगर नवी पत्रिका येती व्हय?"

मग आठवलं. दिवाळीआधी मी लग्नपत्रिकांवरच्या उधळपट्टीविरुद्ध मोहीम काढली होती. कॉलेजच्या फाटकापाशी निषेधाचा ढीग रचायला चाचांच्या खणातल्या सगळ्या जाडजूड पत्रिका उचलल्या, नंतर रद्दीत दिल्या, आणि बदल्यात त्यांना पत्रकांचा गठ्ठा दिला: 'वाचा आणि वाटा.'

"वाचलं मी," चाचा म्हणाले. "मंग एक कापलं."

मामा हसला नाही. "गाडीचं कळलं. आता माझं काय?"

मी माफीचं पत्रक लिहिलं: मी चुकले, पेट्रोल शुद्ध आहे, वसंतामामा निर्दोष आहेत. खाली एक ओळ जोडली: 'तरीही प्रत्येक पंपावर गिऱ्हाइकाला तपासणीसाठी कोरा कागद मिळालाच पाहिजे.' आई म्हणाली, शेवटची ओळ खोड. मी खोडली नाही. आजही खोडणार नाही.

"ऱ्हाऊ दे आक्का," मामा म्हणाला. "कोरा म्हणलीय. तेवढं शिकली."

पंपावर लावल्यावर वाऱ्यानं फाटू नये म्हणून मामानं ते जाड पुठ्ठ्यावर छापून घ्यायला लावलं. मालकानं ते वाचलं, दोनदा वाचलं आणि दुसऱ्या सकाळी मामा नळी धरून उभा होता. शेजारी खिळ्याला कोऱ्या कागदांची वही टांगलेली होती. (लढा वाया गेला असं कुणी म्हणू नये.)

उरलेल्या प्रती चाचांना दिल्या. त्यांनी एक कापून सांध्यात बसवली आणि मोरगावच्या चढाला एक खडा वाजला नाही. माझ्या इतक्या पत्रकांनी समाजात काय हललं ते मला सांगता येत नाही, पण माझ्या माफीवर आबा रोज शाळेत वेळेवर पोचायला लागले. पुढं गल्लीतल्या निम्म्या गाड्या तिच्यावरच चालायच्या. मी गॅरेजवरून निघाले की चाचा हाक मारायचे,

"सुमे, पुढची माफी कधी काढतीस? माल संपत आलाय."