नाव पुसल्यानंतरचा आवाज

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आधीचा सोमवार. ठरलेली रक्कम सहाशे रुपये. हजर तिघं: मी, लातूरहून आलेला माझा धाकटा भाऊ आणि नांदेडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा मालक.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या मोबाइलचं मेमरी कार्ड बिघडलं होतं. मालकानं ते कसंबसं एकदा वाचून त्यातलं सगळं कॉम्प्युटरच्या मेमरीत घेतलं. तिथं काम भरभर होतं, पण वीज गेली की सगळं जातं, हे त्यानं आधीच सांगितलं. नंतर कार्ड पुन्हा वाचलंच गेलं नाही.

फोटो पुष्कळ होते. आवाजाची फाइल मात्र एकच. मालकानं ती लावली. आई माझ्या बायकोला येळवशीची भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, कशी करायची ते सांगत होती. "चिंचेचं पाणी मागून घाल. अन् धाकट्याचा डबा आधी भरून ठेव, त्याला लई आवडती."

भावानं कीबोर्डकडं हात नेला, बटणं दाबली. पडद्यावर काय विचारलंय ते न वाचताच होय केलं. यादीतून फाइलीचं नाव गेलं.

आवाज चालूच होता.

"काय केलंस रे?"

"बंद करायला गेलो, दादा." तो पुन्हा माउसकडं वळला.

"हात लावू नका!" मालक ओरडला.

नाव गेलं तर आवाज कुठून येतोय, असं मी विचारलं. मालकानं तपासणी लावली. यादीतल्या फाइलींची बेरीज कमी निघाली, मेमरीत अडकलेली जागा जास्त. मी वजाबाकी केली. फरक बावीस एमबी. मघाशी आवाजाच्या फाइलीपुढं हाच आकडा होता.

"यादीत न्हाई, पण प्लेअरनं धरून ठेवलीय," मालक म्हणाला. "त्यानं सोडली की गेली. रेकॉर्डिंग संपलं की तो आपोआप बंद होतो."

"किती राहिलंय?"

"चार मिनिटं."

प्लेअरनं धरलेल्या फाइलीची प्रत काढायला तो भराभर टाइप करू लागला. भाऊ ट्यूबलाइटकडं बघत होता. "लाइट तर जाणार न्हाई ना?"

"मघापासून तुम्हीच घालवून राहिले, लाइटला कशाला नावं ठेवता?"

मालक टाइप करतच म्हणाला. मला काही वाटत नव्हतं. मी आकडा बघत होतो. आई डब्याचं झाकण घट्ट लाव म्हणत होती.

पेन ड्राइव्हवर बावीस एमबी आले. मालकानं त्या प्रतीची सुरुवात आणि शेवट ऐकवला. मग प्लेअर बंद झाला. त्यानं तपासणी पुन्हा लावली. आता यादीची बेरीज आणि अडकलेली जागा जुळत होती. मेमरीत आई नव्हती.

"दोन करा," भाऊ म्हणाला. तेवढंच.

सहाशे मी दिले. दुसऱ्या पेन ड्राइव्हचे साडेतीनशे भावानं दिले. दोन्ही रकमा दुकानदाराला.