पिशवीतलं दुसरं बाड

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, कुठल्या मित्रालाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. गेला महिनाभर एका जागी बसवत नाही मला, एवढंच.

मी रहस्यकथा लिहायचो, हे तुम्हाला माहितीय. मुकुंदवाडीच्या शाळेत मास्तरकी आणि उरलेल्या वेळात खून! माझा गुप्तहेर मुंबईत राहायचा. मी स्वतः तिथं धड आठवडाभर राहिलेलो नाही, पण ते असो. छापणार कोण? आपल्याकडं प्लॉटला एजंट मिळतो, पुस्तकाला नाही. त्या वर्षांत तर दिसेल त्या माळावर प्लॉट पडत होते. नळ कोरडे, टँकरमागं भांडणं, आणि बिल्डिंगी उभ्या राहतायत त्या राहतायतच! पुस्तकाचं मात्र एकच — पुण्याला जाणारा कोणी दिसला की आपलं बाड त्याच्या पिशवीत कोंबायचं. तो प्रकाशकाच्या टेबलावर ठेवणार. आमची सगळ्यांची तीच रीत.

त्या उन्हाळ्यात जाणारा मी होतो. आमच्याच शाळेतल्या नंदाबाईंनी त्यांचं बाड माझ्याकडं दिलं. बाई सिल्लोडकडच्या, माहेरी मेंढरं राखायचे. वर्गात कधी आवाज चढवायच्या नाहीत, आणि लिहायच्या काय, तर भुताचं! “सर, तुमच्यासंगं माझंबी दाखवा. नाय म्हणाले तरी चालंल.” चालंल म्हणाल्या खऱ्या, पण बाडावरचा हात काही लवकर सुटला नाही.

बसमध्ये मी ते उघडलं. विहीर बुजवून तिच्यावर बिल्डिंग बांधलीय, वस्तीत पाण्याचा थेंब नाही, आणि भर दुपारी तळमजल्याच्या फरशीखालून रहाट ओढल्याचा आवाज येतो... चांगलं होतं हो. लई चांगलं होतं. नगर कधी मागं पडलं ते मला कळलंच नाही. तिथंच माझा जळफळाट सुरू झाला का? झाला असावा. नाही — झालाच.

प्रकाशकांनी माझी दोन पानं वाचली आणि बाड माझ्याकडं सरकवलं. मराठवाड्यातले ना तुम्ही, म्हणाले, मग दुष्काळावर लिहा की! खूनबिन कोण वाचतंय आता? माझं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी नंदाबाईंचं घेतलं. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तरी वाचतायत. शेवटी म्हणाले, “ह्या बाई कोण? हे ठेवून जा. हे मी काढतो.”

मी काय म्हणायला पाहिजे होतं, ते पहिलीतलं पोरही सांगेल. मी काय म्हणालो? अगदी सहज — जीभसुद्धा अडखळली नाही — म्हणालो, “ते ठेवता येणार नाही हो. बाईंचं दुसरीकडं ठरलंय. नुसतं तुमचं मत घ्यायला आणलं होतं.” आणि त्यांच्या हातातून बाड काढून घेतलं. ते हळहळले. मला? मला बरं वाटलं. तेच तर सांगतोय तुम्हाला.

परतलो तेव्हा बाई स्टाफरूमच्या दारातच उभ्या होत्या. भुताखेतांचं कोणी घेत नाही म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मला पाणी आणून दिलं — त्या दिवसांत, पाणी! पुढंही मी पुण्याला निघालो की त्या बाड द्यायच्या. मी ते न्यायचो आणि पिशवीतून न काढता तसंच परत आणायचो. वर सांगायचो, फार फिरलो हो, बाई.

मग त्यांनी देणं बंद केलं. लिहिणंही.

मागच्या महिन्यात शाळेत त्यांचा निरोप समारंभ झाला. बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मला लिहायचा लई नाद होता. ह्या सरांनी माझ्यापायी पुण्यात किती उंबरे झिजवले! त्यांच्यामुळं कळलं, आपल्या लिहिण्यात दम नाय. नाहीतर उगंच जन्मभर आस लावून बसले असते.” सगळ्यांनी माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या.

मी उठून उभा राहिलो आणि हात जोडून त्या टाळ्या घेतल्या.