तुमच्यात सवय असते

"तुमच्यात सवय असते ना या कामांची."

माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून मराठी मंडळाच्या अध्यक्षबाई असं म्हणाल्या. सासूबाईंचं लघवीचं भांडं रिकामं करून, साबणाने हात धुऊन मी त्यांच्यासाठी चहा आणला होता. त्यांनी तो घेतला नाही. उपास आहे म्हणाल्या. उपासाला चहा चालतो, हे मलाही ठाऊक आहे. कपावर साय धरली. त्याआधी त्यांची नजर भिंतीवर जाऊन आली होती. कोट, चष्मा, हातात पुस्तक. तो फोटो कुणाचा हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आडनावावरून त्यांचा अंदाज लागत नव्हता, तो फोटोवरून लागला.

तुमच्यात. हा शब्द मी गावाला पाणवठ्यावर ऐकला होता. इथे आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावर तो परफ्यूम लावून आला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा एका कंपनीत स्टोअरकीपर होता. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि वर्ष व्हायच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, खालच्या किराणा दुकानदाराकडून उचललेला: खलास. चहा संपला, खलास. लघवी झाली, खलास. त्यावर आम्ही दोघी हसायचो. उचलणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं सगळं माझ्याकडे होतं. आणि माझ्या व्हिसावर लिहिलं होतं, हाउसवाइफ. सरकारच्या लेखी मी काहीच काम करत नव्हते.

मला एकच गोष्ट हवी होती. मंगळवारी दुपारचे दोन तास. ड्रायव्हिंगच्या क्लाससाठी. व्हीलचेअर दिसली की टॅक्सीवाले वेग वाढवायचे. सासूबाईंना व्यायामाला हॉस्पिटलात न्यायचं, तर भर उन्हात रस्त्याकडेला ताटकळत उभं राहायचं. एकदा त्यांना खुर्चीतच घेरी आली. मान लुळी पडली. मी भररस्त्यात ओरडत होते आणि गाड्या सुसाट चालल्या होत्या. तेव्हाच ठरवलं, लायसन्स काढायचं.

अशात मंडळाने जाहीर केलं, घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना आधार द्यायचा. बायकांनी आळीपाळीने अशा घरी जाऊन बसायचं आणि तिथल्या बाईला थोडं मोकळं करायचं. सगळ्यात आधी नाव दिलं ते मी. म्हणूनच तर अध्यक्षबाई घर बघायला आल्या होत्या.

पुढच्या शुक्रवारी सभा झाली. सासूबाईंना मी बरोबर नेलं, कारण सेवा करणाऱ्या बायका सभेला आल्या तर आजाऱ्यांजवळ कोण बसणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बराच वेळ, या लोकांना म्हणायचं काय, यावर काथ्याकूट चालला. काळजीवाहू म्हटलं तर पडलेल्या सरकारसारखं वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. शेवटी सेवाव्रती ठरलं. टाळ्या पडल्या.

मग कुणाकडे कोण जाणार ते वाचून दाखवलं. एक बाई पेपर वाचून दाखवणार होत्या. एक भजनं म्हणणार होत्या. माझं नाव आलं, तशी मी खुर्चीत पुढे सरकले. पण माझ्या घरी कुणीच येणार नव्हतं. मीच जाणार होते. मंगळवारी, अध्यक्षबाईंच्या आईला आंघोळ घालायला आणि तिचं भांडं बघायला.

"वहिनी एक्स्पर्ट आहेत," अध्यक्षबाई कौतुकाने म्हणाल्या. "आम्हाला नाही हो जमत ते."

मी उठायला लागले. नवऱ्याने माझं मनगट दाबलं. "गप्प बस. त्यांचे मिस्टर आमच्या कंपनीत मॅनेजर आहेत. व्हिसा रिन्यू व्हायचाय."

मी हात सोडवला आणि उभी राहिले.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुमच्यात सवय असते. तुमच्यात म्हणजे कोणात?"

"अहो, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं होतं? सगळ्यांसमोर सांगा. नाव घेऊन सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "यल्ला, चला, नेक्स्ट पॉइंट घेऊ या." अध्यक्षबाई हातातले कागद नीट करू लागल्या.

"माझं नाव काढा," मी म्हणाले. "मी कुणाकडे येणार नाही."

शेजारच्या व्हीलचेअरमधून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "खलास." या वेळी आम्ही दोघीही हसलो नाही.

घरी आल्यावर नवरा भडकला. "चार लोकांत शोभा केलीस. साहेब काय म्हणतील?"

"म्हणू दे. मंगळवारी दोन ते चार मी क्लासला जाणार. तेव्हा तुमची दुपारची सुट्टी असते. आईंचं तुम्ही बघा."

ती सुट्टी तो रोज पांघरूण ओढून झोपण्यात घालवायचा. त्याने आईच्या खोलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"मला नाही जमणार ते. मला सवय नाही."

तोच शब्द. माझ्याच जातीच्या, त्याच फोटोला रोज हात जोडणाऱ्या माणसाच्या तोंडून. सभेत मी विचारलं होतं, तुमच्यात म्हणजे कोणात? अर्धं उत्तर अध्यक्षबाईंनी गिळलं होतं. उरलेलं अर्धं माझ्या घरातच होतं. बायकांत.

"मलाही नव्हती," मी म्हणाले. "करा सवय."

मंगळवार आला. गरम पाणी, फडकी, पावडर कुठे असते ते मी त्याला दाखवलं. तो पलंगाच्या कडेला बसून होता. मी चपला घालत होते, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

"खलास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा पाय सवयीने आत वळला. मी तो बाहेर काढला. व्हिसाचं काय होणार, मला माहीत नव्हतं. साहेब काय म्हणणार, तेही माहीत नव्हतं. पण लायसन्स हातात येईपर्यंत दर मंगळवारी हे दार मी बाहेरून ओढून घेणार होते, आणि ते ओढून घेतलं.