अंथरलेली घोंगडी

संग्रहालयात नव्या शिल्पकारांचं प्रदर्शन होतं आणि त्यात माझं काम निवडलं गेलं होतं. आमच्या जिल्ह्यातलं हे छोटंसं संग्रहालय. एरवी शाळेच्या सहलींशिवाय तिथं कुणी फिरकत नाही. दालनाच्या मधोमध मी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी काळी घोंगडी अंथरली होती आणि तिच्यापासून दारापर्यंत भाजलेल्या मातीचे मेंढरांचे खूर मांडले होते, लांब निघून जाणारे. आबांनी कळप विकला तेव्हापासून हे माझ्या डोक्यात होतं. भोवती दोरी बांधायला मी साफ नकार दिला. दोरी बांधली की काम मरतं, असं त्या दिवसांत मी फार ऐटीत बोलायचे.

आबांना बोलावलं मीच होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. "आमची पोरगी चिखल कालवायचं शिकती," असं ते गावात सांगायचे, आणि सांगताना हसायचे. भूमहून एसटीनं आले, धुतलेलं धोतर नेसून. मी तेव्हा पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंना काम समजावत होते.

आबा दारात थबकले. आपली घोंगडी त्यांनी ओळखली. पायताण काढलं, खुरांमधून जपून पावलं टाकत गेले आणि घोंगडीवर मांडी घालून बसले. आम्हा मेंढपाळांत अंथरलेली घोंगडी आल्यागेल्यानं बसण्यासाठीच असते. उभं राहिलं तर यजमानाचा अपमान होतो. आबा माझा मान राखत होते.

पहारेकऱ्यानं त्यांना दंडाला धरून उठवलं. "आजोबा, ह्याच्यावर बसायचं नसतंय." उठता उठता त्यांच्या पायाखाली एक खूर फुटला. दोघंतिघं हसले.

बाईंनी मला विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "गावाकडचे कुणी असतील."

हे तोंडातून कसं निघालं कळलं नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. पण मला कळलं होतं. घोंगडीचं कौतुक मला हवं होतं आणि घोंगडीवाल्याची लाज वाटत होती.

बाई भल्या होत्या. त्यांनी आबांना विचारलं, "बाबा, कुठून आलात?"

आबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ष्ट्यांडावर एसटीची वाट बघत हुतो," ते बाईंना म्हणाले. "ऊन लई हाय, म्हून आत आलो. इथं माझं कुणी न्हाय."

मग ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, तुमची वस्तू मोडली. माफी करा."

सगळे माझ्याकडं बघत होते. अजूनही खरं सांगता आलं असतं.

"असू द्या," मी म्हणाले.