तळं कुठे जातंय

गळणारा नळ आणि आमचे घरमालक काका एका छपराखाली कधीच नांदले नाहीत. कॅनडातल्या आमच्या केंब्रिजमध्ये कोणीही सत्यनारायणाला बोलावलं, तरी तीर्थ घेण्याआधी ते वॉशरूममध्ये जाऊन फ्लश तपासत. कोटाच्या खिशात पाना आणि रबरी वॉशर कायमचे. एका डोहाळजेवणात बायका गाणी म्हणत असताना सिंकखालून आवाज आला होता, "अरे, मेन व्हॉल्व्ह बंद करा कोणीतरी!" शहराच्या पाणीखात्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झाले तेव्हा त्यांचा फक्त पगार थांबला. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, हे मी सगळ्यांना सांगतो. त्यांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. "छान," ते म्हणाले, "शॉवर नीट बंद करत जा."

काकूंचं वेड वेगळं. नदी किंवा तळं दिसलं की त्याची खणानारळाने ओटी भरायची. ग्रँड नदीची भरली, सेंट लॉरेन्सची भरली. काका गाडी चालू ठेवून आत बसून राहत. जावा बेटावर योग्यकर्ताला सुलतानाने राण्यांसाठी बांधलेली जलबाग आहे. तिचं चित्र काकूंनी एका कॅलेंडरवर पाहिलं आणि तिथल्या तळ्याची ओटी राहिलीय असं मनात घेतलं. दर वर्षी विचारायच्या. कधी छपराचं काम निघे, कधी विंटर टायर. काका म्हणत, "अगं, अडीचशे वर्षं आहे ते तिथे. तळं कुठे जातंय?"

शेवटी एकदाची तिकिटं काढली. काकूंनी ग्रोसरीतले सगळे नारळ कानाशी हलवून त्यातला एक निवडला. आणि निघायच्या आधीच, भर थंडीत, झोपेत गेल्या.

काका तरीही निघाले. "डॅड, नॉट अलोन," मुलगा म्हणाला, म्हणून सोबत मी. जावाला कॅनडातून नारळ नेणारा दुसरा माणूस झाला नसेल. तिथल्या विमानतळावर तपासनिसाने तो काढून घेतला. "माय वाइफ बॉट इट," काका पुन्हापुन्हा सांगत होते. तो नम्रपणे सॉरी म्हणाला, पण नारळ काही दिला नाही.

उंच भिंतींच्या आत हिरवंनिळं पाणी, मधे कुंड्यांसारखी कारंजी. काकांनी एकही कारंजं तपासलं नाही. पायरीवर बसून त्यांनी खण, तांदूळ आणि बाहेरच्या गाडीवरून घेतलेलं शहाळं मांडलं.

"आधी तांदूळ की आधी नारळ रे?"

"मला नाही माहीत, काका."

"मलाही नाही. मी गाडीतच असायचो."

पाण्यात काही टाकू नका, असं रखवालदाराने लांबून हातानेच बजावलं. मग काकांनी नुसतं खणाचं टोक बुडवलं. "आहे गं तळं. तिथेच आहे," म्हणाले, आणि ओला खण पान्याच्या खिशात ठेवला.

त्यानंतर एकदा माझ्याकडचा नळ दुरुस्त करायला ते खाली आले होते. मी फोनवर आईला सांगत होतो, "पुढच्या उन्हाळ्यात बघू गं, नायगरा काय पळून जातोय?"

सिंकखालची खुडबूड थांबली. काका बाहेर आले. "नळ राहू दे. आधी तिचं तिकीट काढ."

मी लॅपटॉप उघडेपर्यंत ते पाना हातात धरून उभे होते, आणि मागे नळ गळत होता.