स्टेजवरचा वायवर्णा

प्राचार्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "हे झाड?"

"हो सर. वायवर्णा."

"एवढंसं?"

बोटाच्या पेराएवढं रोप होतं. तीन-तीनचं पान, दोऱ्यासारखी मुळं. तेवढ्यासाठी आमचे दोन उन्हाळे गेले होते.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नोकरी टेंपररी, दर जूनला नवी ऑर्डर. एके दिवशी दुधनीचे वैद्य शिवप्पाअण्णा ओल्या फडक्यात कोवळे फुटवे गुंडाळून आले. त्यांच्या ओढ्याकाठी एकच वायवर्णा होता. त्याच्या सालीचा काढा मुतखड्यावर देतात. अण्णा साल बेतानं काढत. पण लोक परस्पर येऊन ओरबाडू लागले आणि कुणीतरी बुंध्याभोवती गोल साल सोलली. वरचं झाड वाळलं. खाली थोडी फूट होती, तीच त्यांनी आणली होती.

"बी उगवंना, फांदी रोवली तर कुजतिया," अण्णा म्हणाले. "तुमी बाटलीत झाडं करता म्हनं. बघा की, बाई."

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाचा नखाएवढा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि हार्मोन घातलेल्या जेलीवर बंद बाटलीत वाढवायचा. तुकड्याला फूट येते, फुटीला मुळं. सांगायला सोपं आहे. पहिली खेप बुरशीनं खाल्ली. तिलाही तीच जेली आवडते. दुसऱ्या खेपेत तुकडे काळे पडले. कापलेल्या जागेतून रस पाझरतो आणि तुकडा त्यानंच मरतो. मग तुकडे वरचेवर नव्या जेलीवर हलवत राहिलो, तेव्हा कुठे फूट आली. तेवढ्यात ओढ्याला पूर आला आणि अण्णांचं मूळ झाड वाहून गेलं. आता जे काही होतं ते आमच्या बाटल्यांत होतं.

"रविवारी कॉलेजच्या कार्यक्रमाला पाहुणे येतायत," बाटली परत देत प्राचार्य म्हणाले. "रोपं कुंड्यांत लावा. स्टेजवर मांडू."

"इतक्यात नको, सर. बाटलीत हवा दमट असते, पानांवर मेणाचा थर धरलेला नसतो. बाहेरच्या हवेची सवय हळूहळू लावावी लागते. त्याला हार्डनिंग म्हणतात. बाटल्याच मांडू या."

"बाटल्या लोणच्याच्याही असतात, बाई. लोकांना झाड दिसलं पाहिजे."

रोपं कुंड्यांत गेली.

मार्च महिना. हॉल तापलेला, स्टेजवरचा पंखा जोरात. पाहुण्यांचं भाषण रंगलं आणि पानांनी माना टाकायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. ते आधी कुंड्यांकडे बघत होते, मग माझ्याकडे.

मी उठले. स्टेजवर जाऊन पंखा बंद केला आणि पाहुण्यांच्या टेबलावरचा कपडा ओढून त्यावर पाण्याचा तांब्या ओतला.

"बाई, खाली बसा," प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले.

"झाडं मरतायत, सर."

माईक जवळ होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. पाहुणे थांबले. ओला कपडा मी कुंड्यांवर पसरला. एव्हाना अण्णा वर आले होते. त्यांनी कुंड्यांच्या टेबलाची दुसरी बाजू धरली.

"उचला," ते म्हणाले.

लॅबमध्ये नेऊन प्रत्येक रोपावर काचेचा ग्लास उपडा घातला. बरीचशी मेली. मोजकी जगली. ती महिनाभर झाकून, रोज थोडी जास्त उघडून तयार केली आणि अण्णांना दिली. त्यांनी काट्यांचं कुंपण घालून ती लावली.

"सालीसाठी आलेल्यांना काय सांगणार?" मी विचारलं.

"दवाखान्यात जावा म्हनतो. झाड मोटं होईस्तवर हात लावू देत न्हाय."

जूनमध्ये माझी ऑर्डर आली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढे एका खासगी नर्सरीच्या इंटरव्ह्यूला गेले. मालकांनी पगाराचं विचारलं. मी आधी अट सांगितली: बाटलीतलं रोप बाहेर कधी काढायचं, ते मी ठरवणार. ते हसले, पण त्यांनी ती ऑर्डरमध्ये लिहून दिली. तोंडी कबुलीवर मी तिथे गेले नसते.