सगळ्या जगाचं टपाल

चहा घेता घेता सांगतो, पण हसू आलं तर तोंड तिकडं करा. मला हे आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी मी परभणीच्या एका कॉलेजात कारकून म्हणून लागलो. पाच-सहा वर्षांनी कॉलेजात ईमेलचा सर्व्हर आला. संगणकाचा सहा आठवड्यांचा कोर्स केलेला मी एकटाच, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. कॉलेजची सगळी ईमेल त्या मशीनमधून बाहेर जायची. कोणाचं टपाल पुढं पाठवायचं, ते आधी त्यातल्या एका रकान्यात भरून द्यावं लागायचं.

पहिल्याच दिवशी आमच्या जिंतूरच्या शाखेतून आलेली ईमेल मशीननं अडवली. मी वैतागलो आणि त्या रकान्यात भरलं: सगळ्यांचं. काम झालं. आता 'सगळ्यांचं' म्हणजे अख्ख्या जगाचं, हे मला कोणी सांगावं?

आठवड्याभरात मशीनला दम खायला फुरसत मिळेना. बघतो तर दिवसाला हजारो ईमेल बाहेर चाललेल्या, आणि कॉलेजच्या पत्त्यावरही ढीगभर आलेल्या. मी धावत प्राचार्यांकडं.

"सर, आपलं कॉलेज लय पुढं गेलंय. परदेशातून पत्रं यायलीत."

"काय लिहितात?"

"इंग्रजीत हाय, सर. पण सुरुवात 'डिअर सर' अशी हाय."

सर खूश. मी ती सगळी पत्रं छापली, फायलीवर 'अभिप्राय' असं लिहिलं. सरांनी स्टाफच्या मीटिंगमध्ये माझ्या हातात सत्काराचा नारळ दिला आणि म्हणाले, "कांबळे मॅडम, एखादं वाचून दाखवा."

मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी एक पत्र वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढला.

"सर, हे लोक म्हणायलेत, टकलावर केस उगवायच्या तेलाची जाहिरात तुमच्या मशीनमधून शंभरदा आली, बंद करा. बाकीच्यांनी नुसत्या शिव्या दिल्यात."

सरांच्या डोक्यावर केस नव्हते. सगळा स्टाफ एकदम छताकडं बघायला लागला.

मॅडमचा आवाज मात्र उतरला. "म्हणून माझा निबंध परत आला का?"

दोन वर्षं राबून लिहिलेला निबंध त्यांनी दिल्लीच्या परिषदेला आमच्याच सर्व्हरवरून पाठवला होता. भलतेच लोक आमच्या मशीनमधून फालतू जाहिराती वाटत होते, म्हणून कॉलेजचं नाव काळ्या यादीत गेलेलं, कोणी आमची ईमेल घेईना. मुदत त्याच दिवशी संपत होती.

हातातला नारळ कुठं लपवावा, कळेना. निबंध फ्लॉपीत घालून नांदेडहून दुसऱ्या मशीनवरून पाठवायचा ठरला. मी मॅडमची पिशवी उचलून एसटी स्टँडवर गेलो. निबंध वेळेत पोचला, हे नंतर कळलं.

मॅडम खिडकीशी बसल्या. मी खालून हात जोडले. "मॅडम, माझ्यामुळं झालं हे. लय लाज वाटायलीय."

"लाज राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "निघताना ते मशीन बंद केलं का?"

गाडी सुटली. तोवर मी रिक्षा शोधत पळत होतो.